एस.टी.ने न येणारा डबा

मुलांनो, आधी एक कोडं घालतो. अकारा, मोइमोइ, तुवो, फुरा, झोबो, एगुसी. ही नावं कशाची असतील? फुटबॉलपटूंची? नद्यांची? परग्रहावरच्या राक्षसांची?

नाही जमलं ना! अहो, हे सगळे खायचे-प्यायचे जिन्नस आहेत आणि ते पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया नावाच्या देशातले आहेत. पण कोड्याचा खरा अवघड भाग पुढेच आहे. यातल्या किती पदार्थांचं सामान आपल्या जालना जिल्ह्यातल्या शेतात आणि परसात उगवतं? तुम्ही कोल्हापूरचे असा नाहीतर सावंतवाडीचे, आजच्या लेखापुरते जालन्याचे व्हा आणि आकडा मनात धरून ठेवा. उत्तर मी लगेच सांगणार नाही. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर एका मेजवानीला यावं लागेल.

त्याआधी डब्याची गोष्ट.

भोकरदन, अंबड, परतूर, मंठा, घनसावंगी, कुठूनही घ्या, दहावी-बारावी झाली की कितीतरी मुलंमुली शिकायला घराबाहेर पडतात. कुणी शेजारच्या छत्रपती संभाजीनगरला जातं. तिथलं विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं आणि १९९४ पासून त्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं आहे. कुणी पार पुणं गाठतं. मेसचं पाणचट वरण खाऊन खाऊन जीव विटला की मग घरच्या डब्याची आठवण येते. तुमच्या बाबांना किंवा मामाला विचारा, तो डबा कसा यायचा? पहाटे आई भाकऱ्या थापायची, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधायची. वडील स्टँडवर जाऊन तो डबा एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली करायचे आणि दुपारी पोरगं तिकडच्या स्टँडवर उभंच! डबा उघडला की खोलीतल्या चौघांचे हात एकदम आत. पाच मिनिटांत सगळं साफ. पण त्या पाच मिनिटांवर पुढचे पंधरा दिवस निघायचे.

आता असं समजा की त्याच वसतिगृहात दोन खोल्या सोडून लागोस शहरातून आलेला एक मुलगा राहतो. त्यालाही आई आहे. तिच्या हातालाही चव आहे. पण लागोसहून पुण्याला एस.टी. येत नाही. एखादं विमान बदलून, समुद्र ओलांडून यावं लागतं, आणि तिकिटाचे पैसे असे असतात की बरीच मुलं शिक्षण संपेपर्यंत घरी जातच नाहीत. त्याने काय करायचं?

आफ्रिकेतली मुलं आपल्याकडे शिकायला येतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? फार जुनी गोष्ट आहे ती. देश स्वतंत्र झाल्यावर १९५० साली मौलाना आझाद यांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. तिच्या शिष्यवृत्त्यांवर आणि पुष्कळदा स्वतःच्या खर्चाने आफ्रिकेतले विद्यार्थी भारतात येऊ लागले. नायजेरियावर १९६० सालापर्यंत इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे तिथली मुलं इंग्रजीतून शिकतात. पुण्यातही इंग्रजीतून शिकता येतं, आणि इंग्लंड-अमेरिकेपेक्षा खर्च कितीतरी कमी.

पुण्याचीच एक हकीकत सांगतो. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टरही होते. एकदा त्यांना दिसलं की एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत कुणाला तरी काहीतरी देते आहे. नियम मोडला! सर रागावूनच चौकशीला गेले. आत जाऊन पाहतात तो काय, मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने आजारी पडला होता. परक्या गावात त्याचं करणारं कुणी नव्हतं. ती मुलगी त्याच्यासाठी खायला घेऊन येत होती, आणि मुलींना आत यायची परवानगी नसल्याने ते खिडकीतून देत होती. सरांचा राग कुठल्या कुठे गेला. परदेशातून आलेल्या मुलांना घरासारखा आधार मिळावा म्हणून त्यांनी १९७१ साली एक संस्था काढली. नाव ठेवलं ‘सिंबायोसिस’. हा वनस्पतिशास्त्रातला शब्द आहे. दोन वेगळे जीव एकमेकांना मदत करत एकत्र राहतात, त्याला सिंबायोसिस म्हणतात. आज ते मोठं विद्यापीठ आहे. त्याची सुरुवात खिडकीतून दिलेल्या खाण्यापासून झाली.

तर आता मेजवानीकडे वळू.

नायजेरियातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ इबादान शहरात आहे. १९४८ साली ते सुरू झालं. तिथल्या विद्यापीठांतून शेवटच्या वर्षाची मुलं निरोपाच्या वेळी एक रीतसर मेजवानी करतात. तिला ते ‘डिनर नाइट’ म्हणतात. एरवी फाटक्या चपलांत हिंडणारी मुलं त्या रात्री राजासारखी सजतात. पाहुण्यांसाठी समोर खास टेबल असतं, अध्यक्ष असतात, सूत्रसंचालक असतो, भाषणं असतात, बक्षिसं असतात. परदेशी गेलेली मुलं ही हौस बरोबर घेऊन जातात. एक ऑक्टोबर हा नायजेरियाचा स्वातंत्र्यदिन, त्याच्या आसपास नाहीतर वर्ष संपताना पाच-पन्नास जण वर्गणी काढतात आणि एखादा हॉल घेतात.

समजा, तुमचा दादा पुण्यात शिकतो आणि त्याच्या नायजेरियन मित्राने तुम्हाला दोघांनाही बोलावलं आहे. पत्रिकेवर वेळ लिहिली आहे संध्याकाळी सात. तुम्ही बरोबर सातला पोचलात. हॉलमध्ये कोण आहे? खुर्च्या मांडणारा एकटा माणूस! घाबरू नका, दिवस चुकलेला नाही. उशिरा येण्याला तिकडे थट्टेने ‘आफ्रिकन टाइम’ म्हणतात. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त आणि वरात यांचं जे नातं असतं, तेच.

हळूहळू माणसं येऊ लागतात आणि तुमचे डोळे विस्फारतात. मुलांच्या अंगात खांद्यावरून घड्या घालून मागे टाकलेला घोळदार झगा आहे. त्याला आगबादा म्हणतात. डोक्यावर एका बाजूला कलती टोपी. मुलींच्या डोक्यावर गेले. ‘गेले’ म्हणजे गेलेले नव्हे, बरं का! गेले हे डोक्याला बांधायच्या कापडाचं नाव. ते कडक कापड घड्या घालत, पंख्यासारखं पसरवत असं काही बांधतात की आपला फेटा आठवावा. फेटा जसा प्रत्येकाला बांधता येत नाही, तसंच गेलेचं. एखादी मैत्रीण त्यात तरबेज असते आणि बाकीच्या तिच्यापुढे रांग लावून बसतात. यासाठी वापरतात ते ‘आसो ओके’ नावाचं कापड हातमागावर अरुंद पट्ट्यांत विणतात आणि मग त्या पट्ट्या एकमेकींना जोडतात. पैठणच्या शेजारी राहणाऱ्यांना हातमागाचं मोल काय सांगायचं!

आणखी एक पाहा. सात-आठ जणींनी एकाच कापडाचे कपडे घातले आहेत. शाळेचा गणवेश? नाही. याला ‘आसो एबी’ म्हणतात, म्हणजे कुटुंबाचं कापड. लग्नात, समारंभात एका गोतावळ्याची माणसं एकच कापड घेतात. आपल्याकडे मावशा-काकवा एकसारख्या साड्या घेतात तसं. तिकडे दक्षिण भागातल्या काही समाजांत समारंभाला जे मानाचं कापड नेसतात, त्याचं नाव आहे ‘जॉर्ज’. ते मूळचं कुठलं, ठाऊक आहे? आपल्या मद्रासचं! तिथल्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरून त्याला ते नाव पडलं असं सांगतात. कितीतरी पिढ्या ते जहाजाने तिकडे जात आलं आहे.

नायजेरियात पाचशेच्या आसपास भाषा आहेत. मोठ्या तीन म्हणजे हौसा, योरुबा आणि इग्बो. तेव्हा ‘नायजेरियन रीत’ अशी एकच नसते. योरुबा घरातला मुलगा वडीलधाऱ्यांना नमस्कार करतो तो जवळजवळ साष्टांगच, आणि मुलगी गुडघे टेकते. इग्बो मंडळींत कोला फळाच्या बीशिवाय कुठलाच समारंभ सुरू होत नाही. ही बी सुपारीपेक्षा मोठी आणि चवीला कडू. तिच्यात कॉफीसारखी तरतरी आणणारा पदार्थ असतो. तुम्ही पिता त्या काळ्या फसफसणाऱ्या सरबतांच्या नावातला ‘कोला’ हाच. ती बी आधी पाहुण्यांना दाखवतात, मग सगळ्यांत ज्येष्ठ माणूस प्रार्थना म्हणतो, ती फोडतात आणि तुकडे वाटतात. प्रार्थना इग्बो भाषेतच म्हणायची, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही असं ते म्हणतात! आपल्याकडे लग्न ठरलं की ‘सुपारी फुटली’ म्हणतात ना? मग कोला फोडणं तुम्हाला फार परकं वाटू नये.

यानंतर राष्ट्रगीत. इथे एक गंमत झालेली आहे. नायजेरियाने १९६० सालचं आपलं राष्ट्रगीत १९७८ मध्ये बदललं, आणि २०२४ मध्ये पुन्हा पहिलंच परत आणलं. त्यामुळे त्याआधी देश सोडून आलेल्या मुलांना जुनंच, म्हणजे खरं तर नवंच, राष्ट्रगीत नव्याने पाठ करावं लागलं.

मग भाषणं. ती मी गाळतो. जगातल्या सगळ्या समारंभांतली भाषणं सारखीच लांब असतात. मात्र भाषण लांबलं की मागच्या रांगेतून कुजबुज सुरू होते, ‘आयटम सेव्हन, आयटम सेव्हन!’ सातवा कार्यक्रम म्हणजे काय? खाणं! कार्यक्रमपत्रिकेत ते कितव्याही क्रमांकावर असो, नायजेरियात खाण्याला थट्टेने हेच नाव आहे.

चला, आला सातवा कार्यक्रम. ताट घ्या आणि आता आपलं कोडं सोडवायला बसू.

पहिला आला अकारा. तळलेला, तांबूस, बाहेरून कुरकुरीत आणि आत जाळीदार. एक तोडून खा. ओळखीची चव लागते ना? अहो, हे चवळीचे वडे! चवळी भिजवायची, साल काढायची, वाटायची, कांदा-मिरची घालून फेटायची आणि तळायची. मोइमोइ तिचीच बहीण. चवळीच्या त्याच वाटणात लाल मिरची आणि तेल घालून पानात बांधून वाफवतात. आपण कोथिंबीरवडीचे उंडे वाफवतो तसं. चवळी हे मुळात आफ्रिकेतलंच कडधान्य, आणि आजही जगात सगळ्यात जास्त चवळी नायजेरियात पिकते.

आता तुवो. पांढऱ्या किंवा तांबूस पिठाचा मऊ, घट्ट गोळा. उत्तरेकडच्या हौसा लोकांचं हे रोजचं जेवण. हे तांदळाचं, मक्याचं असतं तसं ‘दावा’चंही असतं. आणि दावा म्हणजे ज्वारी! होय, आपली भाकरीची ज्वारी. फुरा हा बाजरीचा. बाजरीच्या पिठात आलं-लवंग घालून गोळे शिजवतात, कुटतात आणि दह्यासारख्या आंबवलेल्या दुधात कुस्करून खातात. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली असेल. त्यांना फुऱ्याचा वाडगा दिला तर ते फक्त म्हणतील, ‘मीठ कमी आहे.’

ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्यं आफ्रिकेतून आपल्याकडे आली. बाजरी तर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातली, म्हणजे नायजेरियाच्या उत्तर सीमेला लागूनच. साधारण चार हजार वर्षांपूर्वी ती कुणाच्या तरी होडीतून, कुणाच्या तरी पोत्यातून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला पोचली आणि हळूहळू दख्खनच्या कोरड्या मातीत अशी रुजली की आपल्याला वाटतं, ती इथलीच. पाऊस कमी असला तरी तग धरायचा गुण तिने तिकडूनच आणला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. तो ठराव भारताने मांडला तेव्हा सहप्रस्तावक देशांत नायजेरियाही होता. का नसेल?

भेंडीची आमटी पाहून मात्र तुम्ही नाक मुरडाल. ती बुळबुळीत असते, आणि मुद्दाम बुळबुळीत केलेली असते! आपली आई भेंडी पुसून घेते, तव्यावर परतून परतून तार मोडते. तिकडे तार जितकी लांब तितकी आमटी चांगली. भेंडीचं मूळ गाव कोणतं याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण बरेच जण आफ्रिकेकडे बोट दाखवतात. इंग्रजीतला ‘ओक्रा’ हा शब्द तर इग्बो भाषेतूनच आला आहे. जगात सगळ्यात जास्त भेंडी पिकवतो भारत आणि दुसरा नंबर नायजेरियाचा.

आणि इथे जालनेकरांनी कॉलर ताठ करावी. आपल्या जालन्याला बियाण्यांचं गाव म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्यात त्यांनी सुरुवात कशापासून केली होती? ‘पुसा सावनी’ नावाच्या भेंडीपासून! पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला तोंड देणारं ते वाण होतं. नंतर संकरित ज्वारी-बाजरीचं बियाणं जालन्यातून गावोगाव गेलं. म्हणजे पाहा, भेंडी, ज्वारी, बाजरी. नायजेरियातल्या एखाद्या शेतकऱ्याला जालन्याच्या मोंढ्यात उभं केलं तर बियाण्याच्या पिशव्यांवरची चित्रं पाहून तो निम्मी पिकं ओळखेल.

झोबो प्या. गडद लाल, आंबटगोड, आल्याचा झटका असलेलं सरबत. हे लाल अंबाडीच्या बोंडांचं! अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी हे मराठवाड्याचं खास जेवण. आपण पानं खातो आणि ते बोंडांचं सरबत करतात. चिंचेचंही तसंच. हौसा लोक बाजरीच्या पेजेत चिंच घालून पितात. चिंचेच्या इंग्रजी नावात ‘हिंद’ दडलेला आहे, कारण अरब व्यापारी तिला ‘हिंदी खजूर’ म्हणत. पण झाड मूळचं आफ्रिकेतलं. नाव आपलं, गाव त्यांचं.

एगुसी म्हणजे कलिंगडाच्या जवळच्या नात्यातल्या एका फळाच्या बिया. मिठाईवर लावतात त्या मगजबीसारख्या. त्या कुटून दाट आमटी करतात, त्यात पालेभाजी आणि लालभडक पामतेल. पामतेलाचं झाड पश्चिम आफ्रिकेतलंच. रेशनच्या दुकानातल्या पामतेलाची आठवण तुमच्या आई-बाबांना असेल. ते पिवळट असायचं, कारण शुद्ध करताना त्याचा लाल रंग काढून टाकलेला असतो.

तेव्हा कोड्याचं उत्तर काय? चवळी, चवळी, ज्वारी, बाजरी, अंबाडी. सहापैकी पाच पदार्थांचं सामान आपल्याकडचंच, आणि सहाव्याचा चुलतभाऊ उन्हाळ्यात हातगाडीवर मिळतो. मनातला आकडा किती होता, खरं सांगा!

खायची पद्धत मात्र शिकून घ्या. हात धुवायचे आणि उजव्या हातानेच खायचं. हे तुम्हाला येतंच. तुवोचा किंवा कुटलेल्या कंदाचा लहान गोळा घ्यायचा, अंगठ्याने त्यात खळगा करायचा, त्यात आमटी भरायची आणि न चावता गिळायचं. चावलं की शेजारी हसतात. ‘एबा’ नावाचा गोळा कसावा या कंदापासून करतात. कसावा किसून, आंबवून, भाजून जो रवा होतो त्याला गारी म्हणतात. आपण उपासाला खातो तो साबुदाणाही याच कंदाचा! हा कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला, मिरची-टोमॅटोसारखाच पोर्तुगीजांच्या काळात जगभर पसरलेला. महिनाअखेर पैसे संपले की नायजेरियातली वसतिगृहातली मुलं थंड पाण्यात गारी भिजवतात, त्यात साखर आणि शेंगदाणे टाकतात आणि झोपी जातात. चुरमुऱ्यांवर रात्र काढलेल्या तुमच्या मामाला ही गोष्ट नक्की सांगा.

मेजवानीचा राजा जॉलॉफ भात अजून राहिलाच. टोमॅटो, लाल मिरची आणि कांद्याच्या वाटणात शिजवलेला तांबडा भात. आपल्या मसालेभाताशी नातं सांगेल असा. सेनेगलकडच्या जुन्या जोलोफ राज्यावरून त्याचं नाव पडलं. पण तो कुणाचा चांगला, यावरून नायजेरिया आणि घाना यांच्यात जे भांडण चालतं, त्यापुढे आपलं पुणेरी-कोल्हापुरी मिसळीचं भांडण म्हणजे काहीच नाही. मोठ्या पातेल्यात लाकडावर शिजवलेल्या भाताला खाली लागल्याचा जो धुरकट वास येतो, त्यासाठी लोक जीव टाकतात. तळाची खरवड कुणी खायची यावरून तुमच्या घरी भांडण होतं की नाही?

सुया म्हणजे शेंगदाण्याच्या तिखट पुडीत घोळवून निखाऱ्यावर भाजलेलं मांस. खात नसाल तर पुढे सरकवा, कुणी रागावत नाही. मात्र आमटीतही सुकी मासळी असू शकते, तेव्हा आधी विचारा. शेवटी गोड. पफपफ म्हणजे हुबेहूब आपले गुलगुले. आणि चिनचिन? त्याला हात लावाल आणि ओरडाल, ‘अय्या, शंकरपाळे!’

इतकं सगळं खाऊन झाल्यावर मला तुम्हाला एक वाईट गोष्ट सांगायची आहे. आई-बाबांनीही ती वाचावी. मार्च २०१७ मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात एक शाळकरी मुलगा बेपत्ता झाला. शेजारी काही नायजेरियन विद्यार्थी राहत होते. लोकांनी अफवा उठवली की त्यांनी त्याला पळवलं, आणि काही जण तर म्हणाले, खाल्लं. मुलगा घरी परत आला, पण दुर्दैवाने नंतर त्याचा मृत्यू झाला. त्या विद्यार्थ्यांविरुद्ध पुरावा न मिळाल्याने पोलिसांनी त्यांना सोडून दिलं. तरीही जमावाने आफ्रिकन तरुणांना गाठून मारलं. एका मॉलमध्ये खुर्च्यांनी मारहाण झाली. ज्यांना मारलं त्यांचा त्या मुलाशी काहीच संबंध नव्हता.

खाल्लं म्हणे! चवळीचे वडे आणि बाजरीचे गोळे खाणाऱ्या माणसांबद्दल हे बोललं गेलं. बोलणाऱ्यांनी त्यांच्या ताटात कधी डोकावून पाहिलं नव्हतं. आपल्या गावात असं होणार नाही असं तुम्ही म्हणाल. पण रस्त्याने आफ्रिकन विद्यार्थी चालला की पोरं मागे लागतात, ‘कालिया’ म्हणून ओरडतात, न विचारता फोटो काढतात, केसांना हात लावून बघतात. खोली भाड्याने मागायला गेला की घरमालक दार लोटून घेतो. हे मी ऐकीव सांगत नाही, रस्त्यात पाहिलेलं सांगतो. आणि एकदा अशा टोळक्यात मीही शाळकरी वयात हसत उभा होतो, हेही सांगून टाकतो.

खरं तर आफ्रिकेतला माणूस या मुलखाला नवा नाही. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० साली खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. त्या शहरासाठी त्याने केलेली नहर अजून दाखवतात. १६१६ साली मोगलांशी त्याची मोठी लढाई झाली ती आपल्याच जिल्ह्यात, रोषणगावला. ती लढाई तो हरला, पण हरून बसला नाही.

रात्र चढते. आता ढोलाच्या तालावर नाच सुरू होतो. चांगलं नाचणाऱ्याच्या कपाळाला नोट चिकटवायची तिकडे रीत आहे. नोटांचा पाऊसच पडतो म्हणा ना. पण चलन उधळणं आणि तुडवणं हा २००७ सालच्या कायद्याप्रमाणे नायजेरियात गुन्हा आहे, तेव्हा तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा. एका कोपऱ्यात कुणीतरी फोनवर आईला ताट दाखवत असतो. ती तिकडून विचारते आहे, मीठ बरोबर आहे का, एगुसी कुठून मिळाली, कुणी केलं. लागोसची घड्याळं आपल्या मागे साडेचार तास. तिच्याकडे अजून संध्याकाळच आहे.

आणि हो, अशा ठिकाणी रिकाम्या हाताने जाऊ नका. जालन्याहून निघताना मोसंब्यांची पिशवी घ्या. आपल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ऐट करायला हरकत नाही. तुम्ही सोलून फोडी काढायला लागाल, तर दादाचा मित्र तुम्हाला थांबवेल. तो सुरी घेईल, वरची साल गोल गोल पातळ काढेल, पांढरा भाग तसाच ठेवेल, मग देठाकडची टोपी उडवेल आणि ते फळ तुमच्या हातात देईल. आता ते तोंडाला लावायचं आणि दाबून रस ओढायचा. नायजेरियात रस्त्यावर संत्री अशीच विकतात. पहिल्यांदा शर्टावर सांडेल. त्याच्याही सांडलं होतं, त्याला विचारा.